कार्ड जळालेलं नाही

लिनक्सच्या कर्नलमध्ये आर८१६९ नावाचा एक ड्रायव्हर आहे. घरगुती आणि कार्यालयीन मदरबोर्डांवर रियलटेकची जी गिगाबिट नेटवर्क चिप सर्रास आढळते, ती हा ड्रायव्हर चालवतो. त्याच्या सोर्समधली एक ओळ सगळं सुरळीत असताना कुणाच्याच नजरेला पडत नाही. कर्नल अपग्रेड झाला, मशीन नव्यानं सुरू झालं आणि नेटवर्क गायब असलं, की ती कर्नलच्या लॉगमध्ये उमटते. मूळ ओळ इंग्रजीत आहे. मराठीत तिचा अर्थ साधारण असा :

फाय क्रमांक अमुक याच्यासाठी खास ड्रायव्हर सापडला नाही, कदाचित रियलटेक डॉट केओ इनिटरॅमएफएसमध्ये घालायला हवं?

तिच्या खाली कर्नलच्या दुसऱ्या भागाकडून आलेली एक कोरडी ओळ असते : अमुक पत्त्यावरच्या उपकरणाची जोडणी फसली, एरर उणे ४९.

यातली पहिली ओळ हा मला तांत्रिक गद्याचा फार सुंदर नमुना वाटतो. कवितेच्या ओळीवर जितका वेळ घालवावा तितका हिच्यावर घालवावा, अशी तिची योग्यता आहे. आकडे, संक्षेप आणि एका मॉड्यूलचं नाव एवढ्याच सामग्रीतून ती उभी राहते, आणि नीट वाचली तर वरवर दिसणाऱ्या अर्थापेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते.

ती कुठं वाचली जाते यावर तिचं मोल बरंचसं ठरतं. मी ती वाचतो ते मुळगावात, गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. बाहेरच्या माणसाला मुळगाव म्हटलं की केळबाय देवी आठवते, नाहीतर खाणी. गावात राहणाऱ्याला मेअखेरचा आणि ऑक्टोबरातला गडगडाटही आठवतो. आभाळ भरून आलं की टीव्हीची केबल काढायची, मॉडेमचा प्लग उपसायचा, ही इथल्या घरांची अंगवळणी पडलेली सवय आहे. तरीही पावसाळ्यात कुणाचा राउटर जातो, कुणाचा लॅनचा पोर्ट.

आता अपग्रेडचं गणित पाहा. उबुंटू किंवा डेबियनवर नवा कर्नल मागच्या मागे उतरतो, डिस्कवर बसतो, पण कारभार जुनाच कर्नल पाहत राहतो. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत नव्याचा काही संबंध येत नाही. जे मशीन सहसा कुणी बंद करत नाही, ते आमच्याकडं बंद होतं ते वीज गेल्यावर. रात्री गडगडाट झाला, वीज गेली, पहाटे आली, मशीन आपोआप चालू झालं आणि सकाळी नेट नाही. माणूस म्हणतो, वीज पडली, कार्ड जळालं. अनुमान अगदी रास्त आहे. आठवडाभरापूर्वी गुपचूप उतरलेल्या कर्नलची आठवण कुणाला असणार? तो डिचोलीच्या नाहीतर म्हापशाच्या बाजारात नवं कार्ड आणायला निघतो. त्याला अडवू शकेल अशी एकच गोष्ट त्या घरात असते, ती म्हणजे ही ओळ. नेट नाही म्हटल्यावर उत्तर शोधायला नेटही नाही. मशीननं स्वतःबद्दल जे लिहून ठेवलं असेल तेवढंच वाचायला उरतं. अशा वेळी ते कसं लिहिलंय याला फार महत्त्व येतं.

ओळ समजायला थोडी शरीररचना लागते. नेटवर्क कार्डाचे दोन भाग असतात. एक मॅक. तो संगणकाच्या बाजूला असतो आणि डेटाच्या फ्रेम बांधतो, सोडवतो. दुसरा फाय. तो केबलच्या बाजूला असतो आणि तांब्याच्या तारेवर प्रत्यक्ष विद्युतसंकेत सोडतो, घेतो. आरटीएल८१११ किंवा ८१६८ या चिपांमध्ये दोन्ही एकाच तुकड्यात बसवलेले आहेत. एलएसपीसीआय ही आज्ञा दिल्यावर १०ईसी:८१६८ अशी जी ओळख दिसते, ती पीसीआयच्या बाजूची, म्हणजे मॅककडची. केबलमधून येणारा विजेचा झटका आधी गाठतो तो फायला. म्हणून एलएसपीसीआयमध्ये कार्ड दिसलं एवढ्यावरून ते धडधाकट आहे असं ठरत नाही. मॅक ठणठणीत आणि फाय मेलेला, असं होऊ शकतं.

आर८१६९ हा ड्रायव्हर २००२ च्या सुमाराचा. फ्रान्स्वा रोम्यू यांनी तो वर्षानुवर्षं सांभाळला, पुढं हाइनर काल्वाइट यांनी हाती घेतला. पूर्वी मॅक आणि फाय, दोन्हींची कामं हा एकटाच करी. २०१८ मध्ये काल्वाइट यांनी फायचं काम कर्नलच्या सामाईक फाय-लायब्ररीकडं सोपवलं आणि ऑक्टोबर २०१८ मधल्या ४.१९ कर्नलपासून घराची वाटणी झाली. मॅक आर८१६९कडे, फाय रियलटेक डॉट केओ या वेगळ्या मॉड्यूलकडे. कोडच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच होतं. एकाच कंपनीचा फाय दुसऱ्या एखाद्या मॅकबरोबर आला तरी आता त्याच्यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही.

वाटणीचा त्रास झाला तो सुरुवातीच्या काही सेकंदांत. कर्नल सुरू होतो तेव्हा डिस्क अजून त्याच्या हाताशी नसते. तोवर लागणारे ड्रायव्हर एका छोट्या संचात बांधून त्याच्याबरोबर दिलेले असतात. हा संच म्हणजे इनिटरॅमएफएस, कर्नलची शिदोरी. दर नव्या कर्नलबरोबर ती नव्यानं बांधली जाते, आणि बांधणारं साधन वितरणागणिक वेगळं. आर८१६९च्या सोर्समध्ये नोंद आहे की माझ्याआधी रियलटेक चढवा. पण ती सौम्य स्वरूपाची नोंद आहे, सक्तीचं अवलंबित्व नव्हे. काही साधनांनी ती वाचलीच नाही. आर८१६९ शिदोरीत गेला, रियलटेक डिस्कवर मागं राहिला.

खास ड्रायव्हर मिळाला नाही तर फाय-लायब्ररी एक सर्वसामान्य ड्रायव्हर लावून देते. आयईईई ८०२.३ या मानकात जी रजिस्टरं सगळ्यांना सारखी ठरवून दिली आहेत, तेवढ्यावर तो काम चालवतो. रियलटेकच्या फायची रजिस्टरं मात्र पानापानांत विभागलेली आहेत. ३१ क्रमांकाच्या रजिस्टरात पानाचा आकडा लिहायचा आणि मग ते पान वाचायचं. सर्वसामान्य ड्रायव्हरला ही पानं उलटता येत नाहीत. त्यामुळं व्हायचं असं की कार्ड दिसे, नावही मिळे, पण नेटवर्क धड चालत नसे. तक्रारी येत राहिल्या आणि शोध घेतल्यावर कारण पुन्हा पुन्हा तेच निघे : आर८१६९ आत, रियलटेक बाहेर. मग काल्वाइट यांनी ड्रायव्हरमध्ये एक तपासणी घातली. अर्धवट चालून माणसाला दिवसभर फिरवण्यापेक्षा ड्रायव्हरनं जागच्या जागी थांबावं, आणि का थांबलो ते सांगावं. ही ओळ तिथं जन्मली.

आता ती सावकाश वाचू.

पहिला अर्धा भाग विधान आहे. खास ड्रायव्हर सापडला नाही. यात सगळी नजर 'सापडला नाही' या नकाराकडं जाते, आणि नेमकं तिथंच अनेकांचं वाचन संपतं. पण या नकाराच्या पोटात एक होकार आहे. फाय क्रमांक अमुक, असं ओळ म्हणते. हा आकडा आला कुठून? फायच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रजिस्टरात त्याची ओळख कोरलेली असते. ड्रायव्हरनं विचारलं, तू कोण? आणि फायनं उत्तर दिलं. मेलेला फाय उत्तर देत नाही. त्याच्याकडून सगळे एक, म्हणजे कोरा गोंगाट वाचला जातो, आणि कर्नल तिथं कुणी नाही असं धरतो. त्या परिस्थितीत ड्रायव्हर वेगळ्या वाटेनं बाहेर पडतो. उणे १९, उपकरण नाही, असं सांगून तो माघार घेतो आणि ही ओळ छापतच नाही.

म्हणजे मुळगावातल्या त्या माणसानं ही ओळ पाहिली, तर तिचा पहिला अर्थ असा की कार्ड निदान बोलण्याइतकं जिवंत आहे. हे तिच्यात कुठंही लिहिलेलं नाही. संस्कृत काव्यशास्त्रानं ज्याला ध्वनी म्हटलं, तो हाच. आकडा छापला गेला या घटनेतच तो आहे.

आकड्याकडंही बारकाईनं पाहावं. रियलटेकच्या फायची ओळख ००१सीसी अशी सुरू होते. लॉगमधला आकडा असा असेल तर फायनं आपलं खरं नाव सांगितलं आहे आणि उणीव फक्त मॉड्यूलची आहे. आकडा भलताच असेल, तर फाय बोलतोय पण भरकटलेला आहे. अशा वेळी शिदोरीत कितीही भर घातली तरी उपयोग नाही. मशीन बंद करून, भिंतीतला प्लग काढून, काही वेळ पूर्ण निर्वीज ठेवून मग चालू केलं की अनेकदा ओळख ताळ्यावर येते. नुसता रीस्टार्ट पुरत नाही, कारण मशीन बंद दिसत असतानाही नेटवर्क चिपला थोडा वीजपुरवठा चालूच राहतो. त्या आठ अक्षरांच्या आकड्यात दोन वेगवेगळ्या दुखण्यांचं निदान सामावलेलं आहे, आणि बहुतेक जण तोच आकडा डोळ्यांनी ओलांडून पुढं जातात.

दुसरा अर्धा भाग 'कदाचित'नं सुरू होतो आणि प्रश्नचिन्हावर थांबतो. मला या ओळीत सर्वांत भावतं ते हे चिन्ह. एरर म्हणून छापल्या जाणाऱ्या संदेशात प्रश्नचिन्ह सहसा नसतं. तिथं ठाम बोलायची रीत आहे. इथं लिहिणाऱ्याला ठाऊक आहे की आपण जे पाहिलं ते एक, आणि त्यामागचं कारण म्हणून जे सुचतं ते दुसरं. पाहिलेल्याला त्यानं पूर्णविधान दिलं, सुचलेल्याला प्रश्न. दोहोंच्या मध्ये फक्त एक स्वल्पविराम. ज्ञानाची आणि अंदाजाची हद्द इतक्या कमी जागेत इतकी स्वच्छ आखलेली मी तांत्रिक लेखनात क्वचितच पाहिली आहे. क्षेमेंद्रानं औचित्याला काव्याचा प्राण म्हटलं. या प्रश्नचिन्हाचं औचित्य त्याला पटलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

या ओळीला पाठभेदही आहे, आणि तो पाहिल्यावर ही हद्द अपघातानं पडलेली नाही हे लक्षात येतं. आधीचा पाठ असा होता : रियलटेक डॉट केओ चढलेलं नाही, कदाचित ते इनिटरॅमएफएसमध्ये घालायला हवं? प्रश्नचिन्ह तेव्हाही होतंच. पण पहिल्या भागात कारण ठामपणे सांगून टाकलं होतं. मॉड्यूल चढलेलं आहे पण फायची ओळखच त्याला पटत नाही, अशा प्रसंगी ते विधान चुकीचं ठरतं. नव्या पाठात मॉड्यूलचं नाव विधानातून उचलून प्रश्नात नेलं, आणि रिकाम्या जागी आकडा ठेवला. एका नामाची जागा बदलली आणि ओळ खरी झाली. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्यांना या दुरुस्तीतला आनंद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

उणे ४९ बद्दल थोडंसं. लिनक्सच्या एररांच्या यादीत ४९ म्हणजे 'प्रोटोकॉल ड्रायव्हर जोडलेला नाही'. हा आकडा फारच क्वचित वापरला जातो. एरवी उणे ५ किंवा उणे २२ शेकडो ठिकाणांहून येतात आणि त्यावरून काहीच उमगत नाही. नेटवर्क कार्डाच्या जोडणीत उणे ४९ दिसला की थेट या ओळीकडं यावं.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची बोलण्याची परंपरा जुनी आहे. डोनाल्ड बेकर यांनी नासाच्या गोडार्ड केंद्रात असताना लिनक्ससाठी इथरनेटचे कितीतरी ड्रायव्हर लिहिले. हे कार्ड कसं चालतं, याचं विवेचन ते फाइलच्या माथ्यावरच देत. फ्रीबीएसडीसाठी ड्रायव्हर लिहिणारे बिल पॉल यांनी रियलटेकच्या ८१३९ चिपबद्दलचा आपला संताप कोडमधल्या टिपेत मोकळेपणानं नोंदवून ठेवला, तोही वाचकप्रिय झाला. गोव्यातही या लेखनाला वाचक होते. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्टमधून परदेशात वापरून झालेले संगणक इथल्या शाळांत आले आणि त्यांवर जीएनयू-लिनक्स चाललं. जुन्या मशीनमध्ये कुठलं कार्ड निघेल याचा नेम नसे, तेव्हा कुठल्या कार्डाला कुठला ड्रायव्हर हे माहीत असणं भाग होतं. पण बेकर काय किंवा पॉल काय, ते सोर्स वाचणाऱ्याशी बोलत. काल्वाइट यांची ओळ सोर्स कधीही न उघडणाऱ्याशी बोलते, तीही त्याच्या अडचणीच्या क्षणी. हे जास्त कठीण आहे.

ओळच नसती तर काय होतं, हेही पाहायला हवं. २००८ च्या सप्टेंबरात २.६.२७ या कर्नलच्या चाचणी-आवृत्त्या चालवणाऱ्या काही जणांची इंटेलची नेटवर्क कार्डं कायमची निकामी होऊ लागली. ८२५६६ आणि ८२५६७ या चिपांच्या कायमस्मृतीवर काहीतरी भलतंच लिहिलं जात होतं. संशय अर्थातच ई१०००ई या ड्रायव्हरवर. फेडोरा, ओपनसुसे, उबुंटू यांच्या चाचणी-आवृत्त्या वापरणाऱ्यांपर्यंत धास्ती पोचली. खरा दोष निघाला एफट्रेस या पूर्णपणे वेगळ्या यंत्रणेच्या डायनॅमिक भागात. मॉड्यूल सुरू झाल्यावर मोकळी झालेली स्मृती अजून आपलीच आहे असं समजून ती तिथं लिहीत होती, आणि तो पत्ता तोवर कार्डाच्या कायमस्मृतीला दिला गेलेला असे. ९ ऑक्टोबरला २.६.२७ आला आणि आठवड्याच्या आत २.६.२७.१ मध्ये तो भाग बंद करण्यात आला. त्या कार्डांनी मरताना कारण सांगितलं नव्हतं. सांगण्याजोगं काही कुणाला माहीतच नव्हतं. लॉगमधल्या शांततेची किंमत काय असते ते मला या घटनेवरून कळतं.

दुसरी शांतता रोजच्या अनुभवातली. काही जण रियलटेककडून मिळणारा आर८१६८ हा कर्नलबाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसमार्फत लावतात. डेलच्या अभियंत्यांनी बनवलेलं हे साधन, प्रत्येक नव्या कर्नलसाठी बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा बांधून देतं. पण कर्नलच्या आतल्या मांडणीला स्थैर्याची हमी नाही. बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेलं वचन लिनक्स काटेकोर पाळतं, आतल्या ड्रायव्हरांना मात्र तसं वचन देत नाही. एखाद्या फंक्शनचा आकार बदलला की बांधणी फसते. ते पॅकेज लावताना आर८१६९ काळ्या यादीत टाकलेला असेल, तर तोही पुढं येत नाही. कार्ड ठीक, दोन ड्रायव्हर उपलब्ध, आणि चालू एकही नाही. कर्नलच्या लॉगमध्ये त्याबद्दल अक्षर नाही, कारण कुणी प्रयत्नच केलेला नसतो. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर बांधणी होऊनही सही नसल्यामुळं मॉड्यूल नाकारलं जातं, तिथं निदान किल्ली नामंजूर झाल्याची नोंद तरी मिळते.

या ओळीत दोष नाहीत असं नाही. इनिटरॅमएफएस हा शब्द ती वाचकाच्या ओळखीचा धरून चालते, आणि ज्याला तो माहीत नाही त्याला ती अर्ध्यावर सोडते. फायची ओळख भलतीच आली तर पूर्ण वीज तोडून पाहा, हे ती सुचवत नाही. शिवाय ती लॉगमध्ये राहते, डेस्कटॉपवर फक्त नेटवर्क नसल्याचं दिसतं. तिथून लॉग दाखवणाऱ्या डीमेसेज या आज्ञेपर्यंत जायचं माणसाला सुचलं पाहिजे. आणखी एक चकवा तिच्या हद्दीबाहेरचा आहे. जोडणी फसली तरी आर८१६९ हे मॉड्यूल चढलेलंच राहतं, त्यामुळं एलएसमॉडच्या यादीत त्याचं नाव पाहून लोक ड्रायव्हर चालू आहे असं समजतात. एलएसपीसीआयला के हा पर्याय जोडून विचारलं तरच 'वापरात असलेला ड्रायव्हर' ही ओळ गायब असल्याचं दिसतं.

ही ओळ संकटाविना, निवांत वाचावी म्हणून मुळगावातल्या घरच्या जुन्या डेस्कटॉपवर मी ती मुद्दाम घडवून आणली. शिदोरीतून रियलटेक डॉट केओ काढलं आणि मशीन सुरू केलं. ओळ आली, आकडा ००१सीसीनं सुरू होणारा. मग मशीनला हात न लावता फक्त आर८१६९ उतरवला आणि पुन्हा चढवला. एव्हाना डिस्क हाताशी होती, मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोब या आज्ञेनं ती सौम्य नोंद पाळून रियलटेक आधी चढवलं, आणि तेच कार्ड, तोच कर्नल, तीच केबल असताना एक गिगाबिटचा दुवा जोडला गेला. तेव्हा ज्याच्या घरी हे खरोखर घडेल त्यानं आधी एवढंच करून पाहावं. साधलं तर डेबियन-उबुंटूवर इनिटरॅमएफएसच्या मॉड्यूलांच्या यादीत रियलटेक हा एक शब्द लिहून शिदोरी पुन्हा बांधावी. नाही साधलं तर मशीन सुरू होतानाच्या ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडावा. त्यावर नेट चाललं तर कार्ड निर्दोष. दरम्यान पॅकेज उतरवायला नेट हवंच असेल तर मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग करावं, त्याचा ड्रायव्हर वेगळा आहे. आणि कुणाला विचारायला जायचं झालं, तर ओळ सांगताना फायचा आकडा गाळू नये. लोक नेमका तोच गाळतात, आणि मग ऐकणाऱ्याला पुन्हा कार्ड जळालं की काय इथून सुरुवात करावी लागते.